लेव्हिटटाउन : बटाट्याच्या शेतात उभे राहिलेले घर

दोन वर्षांपूर्वी आई आमच्याकडे कायमची राहायला आली, तेव्हा वाड्यातल्या तिच्या दोन खोल्या आवराव्या लागल्या. एका पत्र्याच्या ट्रंकेत तिच्या मावसबहिणीची, म्हणजे आमच्या मावशीची, पत्रे निघाली. १९७६ ते १९८१ या काळातली, निळ्या एरोग्रामवर अगदी कडेपर्यंत बारीक अक्षरात लिहिलेली. अमेरिकेने १९६५ साली आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रातून जे अभियंते नि डॉक्टर तिकडे गेले, त्यांपैकी एकाशी मावशीचे लग्न झाले होते. न्यू जर्सीतल्या एका उपनगरात त्यांनी घर घेतले. घर घेतल्याची बातमी पत्रात चार ओळींत आटोपली आहे : तीन झोपायच्या खोल्या, पुढे हिरवळ, ती दर आठवड्याला कापावी लागते, नाहीतर शेजारी नाराज होतात. त्यानंतरच्या पत्रांत मात्र एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. दूध संपले तर काका संध्याकाळी मोटार घेऊन घरी येईपर्यंत थांबावे लागते. आणि मग १९७९ च्या एका पत्रात मावशीला मोटार चालवण्याचा परवाना मिळाल्याची बातमी आहे. ती तिने दीड पानभर लिहिली आहे. घराच्या बातमीहून ही बातमी तिला मोठी वाटली होती, हे उघड आहे.

असे का व्हावे? घर मिळाल्यावरही मोटार मिळेपर्यंत ते पुरते आपले होऊ नये, अशी घरे मुळात बांधली कोणी आणि कोणासाठी? या प्रश्नाचा माग काढताना मी ज्या गावापाशी पोचलो, त्याचा इतिहास अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात पुष्कळ चर्चिला गेला आहे. साहित्याच्या अभ्यासकाने तो वाचण्याजोगा आहे, कारण या गावाबद्दल बाहेरच्यांनी जे लिहिले आणि आतल्यांनी जे अनुभवले, त्यांत मोठे अंतर पडले होते. शिवाय त्या दोघांच्याही बोलण्यात ज्यांचा उल्लेख बराच काळ आला नाही, अशी माणसेही होती.

१

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनपासून पूर्वेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, लाँग आयलंड बेटावर, आयलंड ट्रीज नावाचा शेतीचा सपाट प्रदेश होता. तेथे बटाट्याचे पीक घेत. पिकाला सूत्रकृमीची कीड लागली आणि शेतकरी जमिनी विकायला तयार झाले. घेणारी कंपनी होती 'लेव्हिट अँड सन्स'. वडील अब्राहम लेव्हिट मूळचे वकील. थोरला मुलगा विल्यम व्यवहार पाही, धाकटा आल्फ्रेड आराखडे काढी. युद्धाआधी हे कुटुंब सुखवस्तू गिऱ्हाइकांसाठी टुमदार घरे बांधत असे. युद्धकाळात नॉरफोक येथे युद्धकामगारांसाठी घरे बांधण्याचे काम मिळाले आणि तेथे त्यांना झटपट, मोठ्या संख्येने बांधकाम करण्याचा धडा मिळाला.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना राहायला जागा नव्हती. मंदीची दहा वर्षे आणि युद्धाची चार वर्षे मिळून घरबांधणी जवळजवळ थांबली होती. लाखो तरुण जोडपी सासरी-माहेरी एका खोलीत दिवस काढत होती. काहींनी लष्कराच्या अर्धगोल पत्र्याच्या कोठारांत संसार मांडला होता. 'एकत्र कुटुंब' या शब्दाला आपल्याकडे जी ऊब आहे ती या जोडप्यांच्या अनुभवात नव्हती. त्यांना ती निव्वळ अडचण होती. ७ मे १९४७ रोजी लेव्हिट कंपनीने दोन हजार घरे भाड्याने देण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात हेम्पस्टेडच्या नगरमंडळापुढे एक सुनावणी झाली. तेथील नियमानुसार प्रत्येक घराला तळघर आवश्यक होते आणि लेव्हिटला ते वगळून थेट काँक्रीटच्या जोत्यावर घरे उभारायची होती. सुनावणीला माजी सैनिकांनी गर्दी केली आणि नियम बदलला. १ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिली कुटुंबे राहायला आली. भाडे महिना साठ डॉलर. १९४८ च्या आरंभी गावाचे नाव बदलून 'लेव्हिटटाउन' झाले.

पहिले घर कसे होते? क्षेत्रफळ ७५० चौरस फूट. दोन झोपायच्या खोल्या, एक बैठकीची खोली, स्वयंपाकघर, एक न्हाणीघर. वर छपराखाली मोकळा, अपुरा ठेवलेला माळा, जो घरमालकाने सवडीने स्वतः पूर्ण करावा. साठ फूट बाय शंभर फुटांचा भूखंड. वास्तविक आजच्या आपल्या शहरांतल्या दोन खोल्यांच्या सदनिकेएवढेच हे घर. पण भोवताली आपले अंगण आणि वर आपले छप्पर.

ही घरे ज्या रीतीने बांधली गेली तिचे वर्णन नेहमी मोटारीच्या कारखान्याशी तुलना करून केले जाते. फरक एवढाच की कारखान्यात वस्तू सरकते आणि कामगार जागेवर राहतो; इथे घरे जागेवर होती आणि कामगारांच्या टोळ्या घराघरांतून पुढे सरकत. सगळे काम सव्वीस-सत्तावीस टप्प्यांत वाटलेले. कोणी फक्त जोते ओतायचे, कोणी फक्त फरशा बसवायच्या, रंगाऱ्यांतही रंगानुसार वाटणी. लाकूड कंपनीच्या स्वतःच्या कॅलिफोर्नियातील गिरणीतून येई, खिळेही कंपनीच बनवी. कामगार संघटनांना प्रवेश नव्हता. १९४८ च्या उन्हाळ्यात दिवसाला तीसच्या आसपास घरे पुरी होत होती. १९५१ पर्यंत एकूण १७,४४७ घरे उभी राहिली.

१९४९ पासून कंपनीने घरे भाड्याने देणे बंद करून विकायला काढली. नवीन नमुन्याच्या घराची किंमत ७,९९० डॉलर होती. त्या वर्षी अमेरिकी कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न सुमारे ३,१०० डॉलर होते. म्हणजे अडीच वर्षांच्या कमाईत घर. माजी सैनिकाला आधी काही भरावे लागत नव्हते. महिन्याचा हप्ता ५८ डॉलरच्या आसपास, म्हणजे पूर्वीच्या भाड्याहूनही कमी. घरात शीतकपाट आणि कपडे धुण्याचे यंत्र कंपनीनेच दिलेले. १९५० च्या नमुन्यात तर जिन्याखाली भिंतीत बसवलेला दूरदर्शनसंच.

हा चमत्कार एकट्या उद्योजकाचा नव्हता. १९३४ साली स्थापन झालेल्या संघराज्य गृहनिर्माण प्रशासनाने बँकांच्या कर्जांना विमा दिला होता. १९४४ च्या माजी सैनिकांच्या कायद्याने सरकार त्यांच्या कर्जाला हमी देत होते. घरे बांधून होण्याआधीच सरकारी आश्वासनाच्या बळावर कंपनीला भांडवल मिळत होते. विल्यम लेव्हिट मुक्त उद्योगाचा मोठा पुरस्कर्ता. ज्याच्या मालकीचे घर आणि अंगण आहे तो कम्युनिस्ट होऊच शकत नाही, कारण त्याला हाताला इतके काम असते, असे तो म्हणे. परंतु त्याच्या व्यवसायाचा पाया मात्र सरकारी हमीचा होता. लेव्हिटटाउनचा इतिहास वाचताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते. सरकारी पैसा आला म्हणजे त्याच्या अटीही आल्या, आणि त्या अटींकडे आपण पुढे येणारच आहोत.

२

गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक नव्हते. जवळची स्थानके हिक्सव्हिल आणि वॉन्टॉ येथे. तेथवर जायला बहुतेकांना वाहन लागे. लाँग आयलंडची रेल्वे कंपनी १९४९ साली दिवाळखोरीत गेली आणि पुढच्याच वर्षी त्या मार्गावर दोन भीषण अपघात झाले. उलट रॉबर्ट मोझेसने आखलेले रुंद, झाडीतून जाणारे मोटाररस्ते आधीच तयार होते. वॉन्टॉ मार्ग तर या वसाहतीला लागूनच. या रस्त्यांवर व्यापारी वाहनांना मज्जाव होता. ते खासगी मोटारीसाठीच होते. सारांश, सार्वजनिक वाहतूक खंगत असताना आणि मोटाररस्ते वाढत असताना हे गाव वसले, आणि त्याने आपले भविष्य मोटारीवर सोपवले.

मात्र प्रारंभीची योजना सर्वस्वी मोटारीची नव्हती. पहिल्या घरांना मोटारखानाही नव्हता. लेव्हिटने गावात सात 'व्हिलेज ग्रीन' आखले होते : मध्ये हिरवळ, भोवती किराणा, औषधे, केशकर्तन वगैरेंची दुकाने, शेजारी मुलांचे मैदान. घरापासून बाबागाडी ढकलत आईने तेथवर चालत यावे अशी कल्पना. शिवाय नऊ सार्वजनिक पोहण्याचे तलाव. पण थोड्याच वर्षांत हेम्पस्टेड टर्नपाइक या हमरस्त्याच्या दुतर्फा पुढे भरपूर मोटारी उभ्या करता येतील अशी मोठी दुकाने आली. १९५६ साली जवळच रूझवेल्ट फील्ड हा प्रचंड बाजारसंकुल सुरू झाला. चालत जाण्याजोगी छोटी दुकाने मागे पडली. कोपऱ्यावरचे दुकान जाते ते कोणाच्या एका निर्णयाने जात नाही. ज्यांच्याकडे मोटार आहे ते आधी स्वस्त माल आणायला दूर जातात आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना जवळचे दुकान पुरेसे गिऱ्हाईक नसल्यामुळे बंद झालेले आढळते.

या व्यवस्थेचा भार कुटुंबात सारखा वाटला गेला नाही. पुरुष ग्रमन किंवा रिपब्लिक यांसारख्या जवळच्या विमानकारखान्यांत किंवा दूर शहरात कामाला जाई आणि घरातली एकुलती मोटार बरोबर नेई. दोन मोटारी असलेली कुटुंबे त्या काळी थोडीच. मागे राही ती तरुण आई आणि एक-दोन लहान मुले. सगळ्या गल्लीत तीच परिस्थिती. वयाने, उत्पन्नाने, मुलांच्या संख्येने सगळी घरे एकसारखी. आजी-आजोबा कुठेच नाहीत. आल्फ्रेडच्या १९४९ च्या आराखड्यात स्वयंपाकघर पुढे, दाराजवळ आले आणि बैठकीची खोली मोठ्या काचेच्या खिडकीसह मागे, अंगणाकडे गेली. मुलांवर कामात असतानाही लक्ष ठेवता यावे, हा त्यामागचा विचार. आराखडा विचारपूर्वक केलेला होता यात शंका नाही. त्यात गृहिणीचा दिवस कसा जाईल याचे गृहीतकही तितक्याच विचारपूर्वक बसवलेले होते.

डोलोरेस हेडन या वास्तू-इतिहासकार विदुषीने पुढे दाखवून दिले की अशा उपनगराचा हिशेब स्त्रीच्या विनामोबदला श्रमाशिवाय जुळतच नाही. शहरात जी कामे खानावळ, धोबी, ट्राम, पाळणाघर यांच्यात वाटली गेली होती, ती सगळी एका घरात आणि एका बाईत येऊन जमली. वर मुलांना शाळेत, दवाखान्यात, मैदानावर पोचवणाऱ्या सारथ्याचे काम नव्याने आले. मावशीची पत्रे या प्रकाशात वाचली की परवान्याचा तो आनंद नीट कळतो. आणि परवान्यानंतरच्या पत्रांत मुलांना कुठे कुठे सोडायचे असते याची जी यादी वाढत जाते, तिचाही अर्थ लागतो.

३

आता साहित्यिकांकडे वळू. लेव्हिटटाउन उभे राहताच त्याच्यावर टीका सुरू झाली आणि ती टीका फार चांगल्या गद्यात लिहिली गेली. जॉन कीट्स (कवी नव्हे, त्याच नावाचा विसाव्या शतकातला पत्रकार) याने १९५६ साली 'द क्रॅक इन द पिक्चर विंडो' हे पुस्तक लिहिले. त्यातील काल्पनिक दांपत्याचे आडनावच 'ड्रोन'. लुइस ममफर्डने 'द सिटी इन हिस्टरी' (१९६१) या ग्रंथात अशा उपनगरांतील एकसारखी घरे, एकसारखे रस्ते, एकसारखी माणसे यांचा कठोर शब्दांत समाचार घेतला. माल्विना रेनल्ड्सने १९६२ साली 'लिटल बॉक्सेस' हे गाणे रचले आणि पीट सीगरने ते घरोघर पोचवले. ते लेव्हिटटाउनवरचे गाणे आहे असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात ते कॅलिफोर्नियातील डेली सिटीची डोंगरावरची घरे पाहून सुचले होते. हा गैरसमजही बोलका आहे. एकदा सगळी उपनगरे सारखी आहेत असे ठरले, की एकाचे गाणे दुसऱ्यावर बसते.

या टीकेतले सगळेच चूक होते असे नाही. पण तिचा स्वर तपासायला हवा. टीका करणारे बहुतेक शहरी, सुशिक्षित. त्यांच्याजवळ राहण्याचे इतर पर्याय होते. ज्यांच्यावर टीका होत होती त्यांत विमानकारखान्यातले यंत्रकामगार, पोलीस, बसचालक, कारकून होते. त्यांचे आई-वडील ब्रुकलिनच्या नाहीतर ब्राँक्सच्या भाड्याच्या खोल्यांत जन्मभर राहिलेले. रिचर्ड येट्सच्या 'रिव्होल्यूशनरी रोड' (१९६१) किंवा जॉन चीव्हरच्या कथांतले उपनगर अधिक सुखवस्तू आहे. तेथल्या पात्रांचे दुःख खरे आहे. पण कंटाळ्याचे दुःख हे आधी छप्पर असलेल्याचे दुःख असते.

समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स याने या वादात एक साधी गोष्ट केली. कंपनीने न्यू जर्सीत तिसरे लेव्हिटटाउन वसवले, तेव्हा १९५८ साली तो तेथे घर घेऊन राहायला गेला आणि दोन वर्षे राहिला. 'द लेव्हिटाउनर्स' हा त्याचा ग्रंथ १९६७ साली आला. त्याला आढळले ते असे : घरे एकसारखी असली म्हणून माणसे एकसारखी होत नाहीत. बहुतेक लोक पूर्वीपेक्षा समाधानी होते आणि उपनगराने त्यांना फारसे बदलले नव्हते; जे बदल झाले ते बहुधा त्यांना हवे असलेले, ज्यांसाठी ते मुद्दाम तेथे आले होते. मात्र दोन गटांची तक्रार त्याने प्रामाणिकपणे नोंदवली. एक, दिवसभर मोटारीविना घरात अडकलेल्या, माहेरापासून दूर पडलेल्या काही स्त्रिया. दोन, अजून परवान्याचे वय न झालेले किशोरवयीन मुलगे-मुली, ज्यांना जायला जागाच नव्हती. ममफर्डला ज्या एकसारखेपणाचा राग होता, त्याबद्दल रहिवाशांची तक्रार फारशी नव्हती. तक्रार होती ती पोचण्याची.

आपल्याकडे याच्याशी ताडून पाहावे असे काही आहे का? मराठी वाङ्मयात चाळ सोडून 'ब्लॉक'मध्ये जाणे हे बहुधा हानीच्या सुरात सांगितले गेले. 'बटाट्याची चाळ' १९५८ सालची, म्हणजे गॅन्स लेव्हिटटाउनात राहायला गेला त्याच वर्षीची. चाळीतल्या सामायिक नळाची आठवण वर्गात काढली की विद्यार्थी हसतात आणि हळवे होतात. परंतु त्या नळावर पहाटे चार वाजता उभी राहणारी बाई उपनगरातल्या स्वतंत्र नळासाठी काय द्यायला तयार झाली असती, हा प्रश्न आपण वर्गात क्वचितच विचारतो. स्मरणरंजन करणारा आणि उपहास करणारा, दोघेही बहुधा घर मिळवून बसलेले असतात. हा दोष मी दुसऱ्यांवर लादत नाही. वीस वर्षे मीही हे असेच शिकवले आहे.

४

तरीही रहिवाशांची बाजू घेऊन येथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारण या घराच्या पहिल्या भाडेकरारातच एक कलम ठळक अक्षरांत होते : गौरवर्णीय वंशाखेरीज अन्य कोणालाही, नोकर म्हणून सोडल्यास, या जागेत राहू दिले जाणार नाही. ही केवळ एका बिल्डरची लहर नव्हती. ज्या सरकारी प्रशासनाने कर्जांना विमा दिला, त्याच्या नियमपुस्तिकेतच अशा वांशिक करारांची शिफारस होती. १९४८ साली 'शेली विरुद्ध क्रेमर' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निवाडा दिला. लेव्हिटने पुढे कलम काढून टाकले, धोरण ठेवले. युद्धात लढून आलेले कृष्णवर्णीय सैनिक घर पाहायला येत आणि विक्री कार्यालयातून परत पाठवले जात. लेव्हिट स्वतः ज्यू. पूर्वग्रहाचा अनुभव त्याला नव्हता असे नाही. पण त्याचे म्हणणे असे की आपण घरांचा प्रश्न सोडवू शकतो किंवा वंशाचा. दोन्ही एकत्र नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये ऑगस्ट १९५७ मध्ये बिल आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य तीन मुलांसह राहायला आले. बिल मायर्स माजी सैनिक. कंपनी विकणार नाही म्हणून त्यांनी घर पहिल्या मालकाकडून विकत घेतले होते. बातमी फुटताच घरासमोर शेकडोंचा जमाव जमला, काचा फुटल्या, रात्रीमागून रात्री गोंगाट चालला. मायर्स कुटुंबाला साथ देणाऱ्या शेजाऱ्यांनाही त्रास झाला. मागच्या एका रिकाम्या घरात विरोधकांनी अड्डा केला आणि तेथून मोठ्याने गाणी वाजवली जात. अखेर गव्हर्नर जॉर्ज लीडर यांनी राज्य पोलीस पाठवले आणि न्यायालयाने मनाईहुकूम काढला. मायर्स कुटुंब तेथे सुमारे चार वर्षे राहिले. डेझी मायर्स पुढे मुख्याध्यापिका झाल्या आणि २००५ साली 'स्टिक्स अँड स्टोन्स' या पुस्तकात त्यांनी हे सारे लिहिले. न्यू जर्सीत मात्र १९६० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला आणि ते लेव्हिटटाउन सर्वांना खुले झाले. त्याने १९६३ साली आपले जुने नाव, विलिंगबरो, परत घेतले.

या बहिष्काराचे मोल केवळ अपमानात मोजता येत नाही. १९४९ साली ७,९९० डॉलरना घेतलेले घर हे सामान्य कुटुंबाच्या हाती आलेले पहिलेच भांडवल होते. त्यावर मुले शिकली, धंदे उभे राहिले, म्हातारपण निभावले. आज लाँग आयलंडच्या लेव्हिटटाउनातले साधे घर पाच लाख डॉलरांहून अधिक किमतीला जाते. ज्यांना त्या दिवशी विक्री कार्यालयातून परत पाठवले, त्यांच्या नातवंडांच्या हिशेबात ही रक्कम कधीच जमा झाली नाही. त्या गावात कृष्णवर्णीय रहिवासी आजही फारच थोडे आहेत. तेव्हा 'उपनगरातला माणूस सुखी होता की दुःखी' हा जो वाद ममफर्ड आणि गॅन्स यांच्या वाचकांत वर्षानुवर्षे रंगला, तो दाराच्या आत असलेल्यांपुरताच होता.

५

गावाच्या पुढच्या इतिहासातील एक प्रकरण साहित्याच्या शिक्षकांनी अवश्य माहीत करून घ्यावे. लेव्हिटटाउनच्या उत्तर भागातील शाळांचा कारभार पाहणारे मंडळ अजूनही 'आयलंड ट्रीज' हे जुनेच नाव लावते. १९७६ साली या मंडळाने शाळांच्या ग्रंथालयांतून काही पुस्तके काढून टाकली. कर्ट व्हॉनेगटची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' आणि बर्नार्ड मॅलमडची 'द फिक्सर' ही त्यांतली. रिचर्ड राइटचे 'ब्लॅक बॉय' हे आत्मचरित्र आणि लँग्स्टन ह्यूजने संपादित केलेला कृष्णवर्णीय लेखकांच्या कथांचा संग्रहही त्यांत होता. स्टीव्हन पिको हा विद्यार्थी आणि त्याचे काही सोबती न्यायालयात गेले. २५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्तींत एकमत नव्हते, पण केवळ विचार पटत नाहीत म्हणून शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तके काढता येणार नाहीत, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांचे प्रतिपादन होते. नंतर पुस्तके कपाटात परत आली. ज्या वसाहतीने एकेकाळी कृष्णवर्णीयांना घर नाकारले, तेथे तीस वर्षांनी राइटचे पुस्तकही नाकारले गेले, आणि ते परत मिळवण्यासाठी त्याच वसाहतीतली मुले उभी राहिली. आतल्या माणसांबद्दल एकच एक विधान करणे किती अवघड आहे, हे यावरून कळावे.

त्याच जून महिन्यात लेव्हिटटाउनच्या दुसऱ्या एका शाळामंडळाने राज्याविरुद्ध लढवलेला खटला न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पातळीवर हरला. त्यांचे म्हणणे असे की शाळांचा खर्च स्थानिक मालमत्ता करावर अवलंबून आहे आणि आमच्या गावात घरांखेरीज करपात्र असे जवळजवळ काही नाही. म्हणजे नुसत्या घरांचे गाव वसवण्याची किंमत दुसऱ्या पिढीच्या शाळांपर्यंत पोचली होती.

आणि ती एकसारखी घरे? त्यांचे काय झाले, हे पाहिले की टीकाकारांवर काळाने केलेली कुरघोडी दिसते. मूळ करारात कुंपण घालू नये, शनिवार-रविवारी कपडे वाळत घालू नयेत, हिरवळ वेळेवर कापावी असे नियम होते. पण वरचा माळा मात्र कंपनीनेच अपुरा ठेवला होता. लोकांनी तो पुरा केला. मग बाजूला खोली काढली, छप्पर उचलले, पुढे पडवी आणली, कुंपणेही घातली. आज तेथे मूळ स्वरूपातले घर शोधूनच काढावे लागते. डब्ल्यू. डी. वेदरेल याच्या 'द मॅन हू लव्हड लेव्हिटटाउन' या कथेतला म्हातारा नायक याच हातांनी बांधलेल्या घरासाठी भांडतो. डी. जे. वॉल्डी याने 'होली लँड' (१९९६) या पुस्तकात कॅलिफोर्नियातील लेकवुड या अशाच प्रचंड वसाहतीवर ३१६ छोट्या छोट्या तुकड्यांत लिहिले आहे. तो आई-वडिलांच्याच घरात राहिला, त्याच गावाच्या नगरपालिकेत नोकरीला होता, आणि मोटार चालवत नसल्याने रोज चालत कामावर जाई. मोटारीसाठी आखलेल्या गावाचे इतके बारकाईचे वर्णन एका चालणाऱ्या माणसाकडून यावे, यात मला आश्चर्य वाटत नाही. गाव त्यालाच वाराप्रमाणे, ऋतूप्रमाणे दिसले असणार.

६

आम्ही राहतो ते गृहसंकुल शहराच्या वेशीपासून बरेच बाहेर, महाविद्यालयापासून अठरा किलोमीटरवर आहे. शहरात घर परवडले नाही म्हणून तेथे गेलो. दहा वर्षांपूर्वी तेथे ज्वारीचे रान होते. घर चांगले आहे. उजेड भरपूर, स्वयंपाकघराला खिडकी, मुलीला अभ्यासाची वेगळी खोली. हप्त्याची सतरा वर्षे उरली आहेत. मी दुचाकीवर जातो, पत्नी चारचाकीने मुलीला शाळेत सोडून पुढे बँकेत जाते. बस दिवसातून ठरावीक वेळाच येते आणि थांबा हमरस्त्याच्या पलीकडे आहे. तो रस्ता ओलांडणे तरुणांनाही सोपे नाही. वाड्यात असताना आई वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत रोज सकाळी देवळात, येताना भाजीमंडईत जात असे. तिला त्यासाठी कोणाला विचारावे लागत नसे. आमच्याकडे आल्यापासून ती एकटी फाटकाबाहेर गेलेली नाही. तिची तक्रार नाही. घर हवेशीर आहे, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. आणि ते खरेही आहे.

म्हणून लेव्हिटटाउनचा इतिहास मला परका वाटत नाही. ममफर्डसारखे त्या घरांना हसणे मला जमणार नाही, कारण तशाच एका घराचे कर्ज मी फेडतो आहे. रहिवासी समाधानी आहेत एवढ्या निष्कर्षावर थांबणेही जमणार नाही, कारण समाधान कोणाला विचारले यावर ते उत्तर अवलंबून असते. गॅन्सने दुपारी मोटारीविना घरी असलेल्या बायकांना विचारले, हे त्याच्या पुस्तकाचे मोठेपण. आमच्या संकुलात कोणी पाहणी करायला आलाच, तर तो बहुधा रविवारी येईल, दार मी उघडीन, आणि उत्तरेही मीच देईन.

मावशीची पत्रे मी आईला पुन्हा वाचून दाखवली. परवान्याच्या पत्रापाशी ती म्हणाली, "तेव्हा मला कळलंच नव्हतं, ही एवढी कशाला हरखली आहे ते." मग थोड्या वेळाने तिने विचारले, की आपल्या फाटकावर रिक्षा बोलावता येते का, आणि त्याला किती पैसे पडतात. तो हिशेब मी आजवर कधी केला नव्हता.